पक्ष्यांची शर्यत आणि आपला वसंत



वसंत ऋतूत संध्याकाळी व्याख्याने ऐकण्याची आपली प्रथा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात तिचा आरंभ झाला आणि पुढे ती महाराष्ट्रातल्या गावोगावी पसरली. या व्यासपीठावरून विद्वानांनी मोठमोठे विषय मांडले आहेत. माझा विषय लहान आहे. गेल्या वर्षी मे महिन्यातल्या एका शनिवारी आम्ही कोल्हापुरात पक्षी मोजण्याची शर्यत लावली. त्या दिवशी आमची निराशा झाली. ती का झाली आणि त्या निराशेतून आम्हांला काय उमगले, एवढेच आज आपल्यापुढे ठेवायचे आहे.

'पक्षी मोजण्याची शर्यत' म्हटल्यावर आपल्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर हसू आले, ते मला दिसते आहे. कुस्तीची शर्यत समजते, बैलगाड्यांची समजते. पण पक्षी कसले मोजायचे आणि त्यात जिंकायचे काय? म्हणून आधी या खेळाची थोडी कुळकथा सांगतो.

अमेरिकेत पूर्वी नाताळच्या दिवशी शिकारीची एक रीत होती. मंडळी दोन गट पाडून बंदुका घेऊन निघायची आणि संध्याकाळी ज्या गटाकडे मेलेल्या पशुपक्ष्यांची रास मोठी तो गट जिंकायचा. फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षिशास्त्रज्ञाला हे पाहवेना. त्याने १९०० साली असे सुचवले की, स्पर्धा खुशाल करा. पण पक्षी मारू नका, नुसते मोजा. त्या नाताळात सत्तावीस माणसांनी ठिकठिकाणी पक्षी मोजले, आणि ती मोजणी आजतागायत चालू आहे. म्हणजे या खेळाचा जन्म शिकारीच्या त्यागातून झालेला आहे. आपण कोल्हापूरकरांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. छत्रपतींच्या शिकारीच्या कथा, पाळलेले चित्ते काळविटांवर सोडण्याच्या कथा आपल्या घराघरांत सांगितल्या जातात. आणि संस्थानच्या काळी जे शिकारीचे राखीव रान होते, तेच दाजीपूरचे रान १९५८ साली अभयारण्य झाले. शिकाऱ्याच्या हातची बंदूक जाऊन तिथे दुर्बीण येणे, हा बदल आपल्या जिल्ह्यानेही पाहिला आहे.

पुढे या मोजणीचीही शर्यत झाली. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात १९८४ पासून दर मे महिन्यात एक स्पर्धा भरते. मध्यरात्री आरंभ, पुढच्या मध्यरात्री शेवट. या चोवीस तासांत जिंकणारे संघ दोनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदवतात. २०१५ पासून कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेच्या पुढाकाराने मे महिन्यातला एक शनिवार साऱ्या जगासाठी ठरवला गेला. त्या दिवशी जगभर लोक पक्षी पाहतात आणि आपापली यादी संगणकावर नोंदवतात. आम्ही हाच दिवस धरला होता.

आमचे दोन संघ होते, एकेका संघात चार माणसे. नियम तीनच. शहर आणि शहराला लागून असलेली तळी एवढीच हद्द. वेळ उजाडल्यापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. आणि तिसरा नियम असा की, संघातल्या किमान दोघांनी पाहिल्याशिवाय किंवा ऐकल्याशिवाय पक्षी यादीत घालायचा नाही. आमच्या संघात मी, बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई, चित्रकला शिकवून निवृत्त झालेले एक शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणतो, आणि कॉलेजात शिकणारा एक तरतरीत मुलगा. आमची अपेक्षा पंचाहत्तर जातींची होती. जानेवारीत याच तळ्यांवर याच चौघांनी त्याहून अधिक पाहिले होते, तेव्हा ही अपेक्षा काही अवास्तव वाटत नव्हती.

पहाटे साडेपाचला आम्ही रंकाळ्यावर होतो. संध्यामठाच्या बाजूने उजाडू लागले आणि मुलाची पेन्सिल भराभर चालू लागली. टिबुकली, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, हळदी-कुंकू बदक, ढोकरी, गायबगळा, पाणकावळा, खंड्या. काठावरच्या झाडांत कोकीळ, बुलबुल, दयाळ, शिंपी, तांबट. टिटवी ओरडत डोक्यावरून गेली. पहिल्या तासात सव्वीस पक्षी झाले आणि आम्ही खूश झालो. या वेगाने दुपारपर्यंत साठ होतील, असा हिशेब बाईंनी केला. बँकेतला हिशेब असल्यामुळे आम्हीही तो मानला.

पण तो हिशेब चुकला. पंचगंगेच्या घाटावर तासाभरात चारच नवे पक्षी मिळाले. तिथे हिवाळाभर शेपटी हलवत फिरणारा धोबी आता नव्हता. कळंब्याला गेलो. पाणी बरेच खाली गेलेले, काठाचा चिखल वाळून भेगाळलेला. जानेवारीत जिथे थापट्या आणि तलवार बदकांचे थवे उतरलेले आम्ही पाहिले होते, तिथे म्हशी डुंबत होत्या. झाडे काळी करून टाकणाऱ्या भोरड्यांचे थवे केव्हाच निघून गेले होते. दुपारी टाऊन हॉलच्या बागेत जुन्या झाडांखाली बसलो, तर उन्हाने पाखरे चिडीचूप. चार वाजता ईशान्येकडून ढग आले, धुळीचा लोट उठला आणि वळीव कोसळला. दीड तास आम्ही एका दुकानाच्या पडवीत उभे. त्या वेळी यादीत चव्वेचाळीस पक्षी होते.

आता ही निराशा का झाली, ते पाहू. आम्ही पक्षी शोधण्यात कमी पडलो का? थोडेसे पडलोही असू. पण मूळ चूक निराळी होती. आम्ही दुसऱ्याचा वसंत आपल्या गावात शोधत होतो.

न्यू जर्सीत मे महिना म्हणजे पक्षी येण्याचा काळ. हिवाळाभर तिथली झाडे उघडी असतात. मग पालवी फुटते, किडे होतात आणि मध्य व दक्षिण अमेरिकेत हिवाळा काढलेली लहान लहान पाखरे रातोरात उत्तरेकडे परततात. त्या चार आठवड्यांत तिथे एका बागेत उभे राहून जितके पक्षी दिसतील, तितके वर्षात पुन्हा दिसत नाहीत. म्हणून त्यांनी आपली शर्यत मे महिन्यात ठेवली आणि त्यांच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे.

आपल्याकडे वसंतात याच्या उलट घडते. सायबेरियातून आणि मध्य आशियातून आलेली बदके, धोबी, भोरड्या हे आपले पाहुणे दिवाळीच्या आगेमागे येतात आणि चैत्र सरेपर्यंत माघारी जातात. त्यांच्याकडे वसंत म्हणजे स्वागत. आपल्याकडे वसंत म्हणजे बोळवण. पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी घरातली ताटे मोजावीत आणि 'माणसे कमी झाली' म्हणून खंत करावी, तसा आमचा प्रकार झाला होता. मुंबईतल्या पक्षिमित्रांनी 'बर्ड रेस' सुरू केली ती थंडीच्या दिवसांत. देशभरची मोठी मोजणी २०१३ पासून होते ती फेब्रुवारीत. आपल्या राज्याचा पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर असा आहे. मारुती चितमपल्ली आणि डॉ. सालीम अली या दोघांच्या जन्मदिवसांच्या मधला तो आठवडा आहे. या साऱ्या तारखा आपल्या ऋतुमानाला धरून आहेत. मे महिन्यातल्या जागतिक दिवशी आपण भाग घेऊ नये, असे मी म्हणत नाही. जरूर घ्यावा. पण त्या दिवशी आपल्या तळ्यावर न्यू जर्सीचा आकडा मागू नये.

मग आपला वसंत काय देतो? तो गर्दी देत नाही, संसार देतो. आपले रहिवासी पक्षी याच दिवसांत घरटी करतात. कावळा वैशाखात घरटे बांधतो. ते झाडाच्या कोणत्या बाजूला आणि किती उंचीवर आहे, यावरून आपले शेतकरी पावसाचा अंदाज बांधीत आले आहेत. त्या कावळ्याच्या घरट्यावर कोकिळेची नजर असते. इथे एक गोष्ट सांगून टाकतो. जिच्या गोड गळ्याची कवींनी इतकी तारीफ केली, ती कोकिळा 'कुहू कुहू' करीत नाही. तो आवाज काळ्याभोर नराचा. मादी ठिपकेदार, तपकिरी. तिचा आवाज 'किक् किक् किक्' असा घाईचा. नर पुढे ओरडत राहतो, कावळे त्याच्या मागे लागतात आणि तेवढ्यात मादी आपले अंडे त्यांच्या घरट्यात टाकून येते. आपण ज्याला वसंताचे गाणे म्हणतो, त्यात एवढा व्यवहार आहे. आणि वळवाच्या आधी पावशा 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा' म्हणून ओरडू लागतो. त्याचेही पिलू दुसऱ्याच्याच घरट्यात वाढते. लोकांना पेरणी करा म्हणून सांगणारा हा पक्षी स्वतः मात्र घरटे बांधण्याच्या भानगडीत पडत नाही!

हे सगळे त्या दिवशी आमच्या डोळ्यांपुढे चालू होते, आणि आम्ही ते पाहिले नाही. हा त्या दिवसाचा दुसरा आणि माझ्या मते मोठा तोटा. कळंब्याच्या काठी खडीवर टिटवीचे घरटे होते. घरटे म्हणजे काय, चार खडे सारून केलेला खळगा आणि त्यात खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी. ऊन असे की चप्पल तापून पाय भाजत होते. अशा उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, सावली करण्यासाठी. मध्येच ती उठून पाण्याकडे गेली, पोट भिजवले आणि परत येऊन अंड्यांवर बसली. ओल्या पिसांनी ती अंडी थंड ठेवीत होती. पुस्तकात वाचलेली गोष्ट प्रत्यक्ष समोर घडत होती. सर खाली बसले आणि पिशवीतून वही काढून चित्र काढू लागले.

मुलगा म्हणाला, "सर, चला की. टिटवी पहाटेच लिहिली आपण."

सर वर न बघता म्हणाले, "नाव लिहिलं रे. टिटवी कुठं लिहिली?"

त्या क्षणी मला सरांचा राग आला, हे मी कबूल करतो. शर्यतीत टिटवीला एक गुण असतो. तो पहाटे मिळालेला होता. दुसऱ्यांदा टिटवी पाहणे म्हणजे वेळ वाया घालवणे. आम्ही सरांना उठवले आणि पुढे निघालो. पंचतंत्रातल्या टिटवीने अंड्यांसाठी समुद्राशी वैर केले, ही गोष्ट आम्ही लहानपणी आवडीने ऐकली. पण अंड्यांसाठी सूर्याशी झुंजणारी खरी टिटवी समोर असताना आम्हांला तिच्यासाठी दहा मिनिटे सापडली नाहीत.

आता शेवटच्या तासाकडे येतो. पाऊस थांबला आणि आम्ही विद्यापीठाच्या आवारात शिरलो. ओल्या मातीचा वास, धुतलेली झाडे, आणि पाखरांना पुन्हा कंठ फुटलेला. तिथे तीन नवे पक्षी मिळाले. सत्तेचाळीस झाले. दुसऱ्या संघाला फोन केला. त्यांचे अठ्ठेचाळीस! सूर्य मावळला होता. तेवढ्यात मागे राहिलेला मुलगा धावत आला.

"काका, नवरंग! आत्ता ओरडला, त्या झाडीत. दोन सुरांची शीळ, अगदी स्वच्छ!"

नवरंग म्हणजे काय चीज आहे, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना सांगायला नको. हिरवा, निळा, पिवळट, पोटाखाली लाल. आखूड शेपटीचा हा पक्षी मृगाच्या आगेमागे आपल्याकडे येतो. मे महिन्यात तो एखाद्या बागेत उतरणे अशक्य नाही. संधिप्रकाशात तो दोन सुरांची शीळ घालतो, हेही खरे. आम्ही चौघे श्वास रोखून उभे राहिलो. पंधरा मिनिटे गेली, वीस गेली. दयाळ गात होता. दयाळाच्या गळ्यात नाना प्रकारच्या शिळा असतात. नवरंग पुन्हा ओरडला नाही.

"लिहा की काका," मुलगा म्हणाला. "मी खोटं सांगतोय व्हय?"

तो खोटे सांगत नव्हता, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती आणि आजही नाही. नवरंग लिहिला असता, तर आम्ही बरोबरीला आलो असतो, आणि दिवसभराची निराशा एका ओळीत धुऊन निघाली असती. विचारायला कोण येणार होते? बाई माझ्याकडे पाहू लागल्या, मी सरांकडे. सर एवढेच म्हणाले, "बाळ, तू ऐकलंस. आम्ही नाही ऐकलं. नियम आपणच केलाय." वहीत सत्तेचाळीसच राहिले आणि आम्ही एका पक्ष्याने हरलो. मुलगा घरी जाईपर्यंत बोलला नाही.

श्रोतेहो, एका पक्ष्यासाठी एवढा काथ्याकूट कशाला, असे आपल्याला वाटेल. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात घडलेल्या एका गोष्टीत आहे.

रानपिंगळा नावाचे एक लहान घुबड आहे. १८७३ साली शास्त्राला त्याची ओळख झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत आपल्या खानदेशात, शहाद्याच्या परिसरात, जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र तो कुणाला खात्रीने दिसला नाही. अपवाद एकच. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश सैन्याधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता, आणि त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेतले मांडवी हे ठिकाण लिहिलेले होते. माणूस मोठा, कीर्तिमान. कुणी शंका घेतली नाही. पुढे ज्यांनी ज्यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, त्यांनी ही नोंद खरी धरली. १९७० नंतरच्या दशकात सालीम अली आणि त्यांचे अमेरिकन सहकारी रिप्ले यांनीही शोध केला. पक्षी मिळाला नाही. जात नष्ट झाली, असेच पुष्कळांना वाटू लागले.

मग पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने जुने नमुने बारकाईने तपासले. तेव्हा उघड झाले की, माइनर्ट्झहागेनने संग्रहालयांतून दुसऱ्यांचे नमुने चोरून त्यांवर आपल्या चिठ्ठ्या लावल्या होत्या. तो मांडवीचा रानपिंगळाही डेव्हिडसनने गोळा केलेल्यांपैकीच एक निघाला. खोटी चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे खऱ्या जुन्या नोंदींच्या मागे गेले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका झाडावर त्यांना जिवंत रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी! नंतर तो मेळघाटातही आढळला, आणि २०१४ साली मुंबईजवळच्या तानशाच्या जंगलातही.

आता पाहा, एका माणसाने नावलौकिकासाठी एक खोटी ओळ लिहिली. तिने दुसऱ्या माणसांचे श्रम कितीतरी वर्षे चुकीच्या दिशेला नेले. डेव्हिडसनची चिठ्ठी साधी होती, पण खरी होती. तिने शंभर वर्षांनंतरही माणसांना वाट दाखवली. आमच्या मुलाची शीळ आणि माइनर्ट्झहागेनची चोरी यांची तुलना मी करीत नाही. तो मुलगा प्रामाणिक आहे. मी इतकेच म्हणतो की, वहीतली ओळ आपल्या पश्चात कुणीतरी वाचणार आहे, आणि त्या वाचणाऱ्याला आपली त्या दिवशीची हौस किंवा निराशा कळणार नाही. त्याला फक्त ओळ दिसेल.

म्हणून आमचे सत्तेचाळीस मला आता लाजिरवाणे वाटत नाहीत. मे महिन्यात, वळीव पडलेल्या दिवशी, कोल्हापुरात चार माणसांना सत्तेचाळीस जाती दिसल्या, आणि धोबी, थापट्या, तलवार बदक दिसले नाहीत. 'दिसले नाहीत' हीसुद्धा माहितीच आहे. जलपर्णीने आणि सांडपाण्याने रंकाळा कसा ग्रासला गेला होता, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या काळात त्यावरचे कोणते पक्षी कमी झाले आणि पाणी निवळल्यावर कोणते परतले, हे नेमके सांगायचे असेल तर कुणीतरी दर महिन्याला, त्याच बाकावर बसून, खरी यादी लिहिलेली असली पाहिजे. वर्षातून एकदा धावत काढलेल्या मोठ्या आकड्याने ते काम होत नाही. त्याला दुर्बीणही फारशी लागत नाही. रोज सकाळी आपल्यापैकी शेकडो लोक रंकाळ्याला फेरी मारतात. त्यांतल्या दहा जणांनी दहा वर्षे खरी वही ठेवली, तर या शहराच्या पाण्याची हकिकत पक्ष्यांच्या तोंडून आपल्याला वाचता येईल.

मुलाचे काय झाले, ते सांगून थांबतो. पुढच्या तीन दिवशी तो पहाटे एकटाच विद्यापीठाच्या त्या झाडीत जाऊन बसला. नवरंग त्याला मिळाला नाही. चौथ्या दिवशी रविवार नव्हता की सुट्टी नव्हती, तरी सकाळी सहाला त्याचा फोन आला. मला वाटले, सापडला! पण तो कळंब्यावरून बोलत होता. "काका, सरांना घेऊन या. टिटवीची दोन पिल्लं बाहेर आल्यात. तिसरं अंडं हलतंय."

आम्ही गेलो. त्या सकाळी आम्ही एकच पक्षी पाहिला आणि दोन तास पाहिला. यंदाही मे महिन्यातला तो शनिवार येतो आहे, आणि आम्ही पुन्हा शर्यत लावणार आहोत; मात्र या वेळी एक नियम वाढवला आहे. जिथे घरटे दिसेल, तिथे संघाने अर्धा तास थांबायचे. ज्यांना यायचे असेल, त्यांनी पहाटे साडेपाचला संध्यामठापाशी यावे.